जाळीच्या दारातून पाणी

टेम्पोत सामान चढवून झालं आणि अण्णा, माझे वडील, आमच्या खोलीचं दार नुसतं लोटून आले. कुलूप कुठं आहे म्हणून मी विचारलं, तर हसले. "कुलूप कशाला, गाव हाय की." माय टेम्पोला टेकून उभी होती. रडू आवरत तिनं एवढंच सांगितलं, "शहरात गेलीस म्हणून रीत सोडू नको. दारात कुणी बी आलं तर आधी पाणी इचार." लातूरकडच्या आमच्या वस्तीवर उन्हाळ्यात पाणी लांबून डोक्यावर आणावं लागायचं. तरीही बांगडीवाली येवो, नाहीतर वाट चुकलेला कुणी, हातात तांब्या दिल्याशिवाय काय काम काढलं म्हणून विचारायचं नाही. तुम्हा गावाकडच्यांना हे नवीन नाही. इकडे आलेल्यांनो, तुम्हाला अजून आठवतं का, ते तुमचं तुम्ही बघा.

शहरात, थेरगावात तिसऱ्या मजल्यावर आम्हाला भाड्यानं वन बीएचके मिळाला. नवऱ्याची कंपनी महाळुंग्याला, शिफ्ट दर आठवड्याला बदलणारी. लेक ऋतुजा तेव्हा बोबडं बोलायची. शेजारचे दरवाजे दिवसभर बंद. मला वाटायचं, काय ही माणसं, स्वतःला कोंडून घेतात. माझं दार सताड उघडं असायचं आणि त्याचा मला जरा तोराही होता.

एका दुपारी एकजण आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड. गॅसची पाइप चेक करायची आहे म्हणाला. ऊन रणरणत होतं, त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. मी म्हटलं, थांबा, पाणी आणते. माठातून तांब्या भरून बाहेर आले, तर दारात कुणी नाही. कंटाळून गेला असेल, असं क्षणभर वाटलं. मग आतल्या खोलीत कपाटाचं दार कुरकुरलं.

तो पायात बूट तसेच ठेवून आत शिरला होता. कपाटापाशी उभा होता आणि त्याच्या गुडघ्याला लागूनच खाटेवर ऋतुजा झोपली होती. मी ओरडायला तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "ओरडू नका ताई, पोरगी उठंल." चार्जिंगला लावलेला माझा मोबाइल उचलला, माझ्या अंगाला घासून बाहेर पडला आणि जिना उतरून गेला. पळाला नाही. चालत गेला. त्याच्या बुटांचा तो सावकाश आवाज मला आजही ऐकू येतो.

मोबाइलचं कधीच काही वाटलं नाही. पण लेकरू आणि तो माणूस यांच्यामध्ये काहीच नव्हतं, हे मी अजून विसरू शकत नाही. नवऱ्यानं त्याच आठवड्यात जाळीचं सेफ्टी डोअर बसवून घेतलं. पुढं सोसायटीच्या हॉलमध्ये पोलिसातल्या एक मॅडम येऊन समजावून गेल्या. आधी आतून विचारा, साखळी काढू नका, ऑफिसला फोन लावून खात्री करा, कार्डावर जाऊ नका. बाकीच्या बायका गप्पा मारत होत्या, मी एकेक शब्द पाठ केला. आता गॅसवाला, कुरिअरवाला, कुणीही बेल वाजवली की मी आधी साखळी बघते, मग विचारते कोण आहे. ऋतुजाला तर मी घोटून घोटून शिकवलं. मी डांगे चौकात फॉल-पिकोच्या दुकानात जायला लागले, तेव्हा शाळेतून आल्यावर ती थोडा वेळ घरात एकटी असायची. मी सांगायचे, दार कुणालाही उघडायचं नाही. आईनं पाठवलंय म्हणाला तरी नाही.

परवा दुकानातून आले, जिना चढले, आणि शेवटच्या पायऱ्यांवर अण्णा बसलेले दिसले. न कळवता आले होते, फोन वाटेतच बंद पडला होता. मांडीवर शेंगांची पिशवी, हातात शाळेची गुलाबी पाण्याची बाटली. जाळीच्या पलीकडं ऋतुजा जमिनीवर बसली होती. दोघांच्या गप्पा चालल्या होत्या.

मी ओरडलेच, अगं, आजोबांना ओळखलं नाहीस का? ती रडवेली झाली. "ओळखलं ना. पण तू म्हणालीस, कुणालाही नाही." मग जाळीच्या दाराखालची रुंद फट दाखवून म्हणाली, "पाणी दिलं मी इथून."

अण्णा पायरीवरून उठले, धोतर झटकलं. "रागवू नको तिला. लेकरू बरोबर हाय." मग म्हणाले, "तुझ्या मायला पाण्याचं सांगतो. दाराचं ऱ्हाऊ दे."

माझ्या बापाला पायरीवर बसलेलं पाहून मला आधी लाज वाटायला हवी होती. लाज नंतर वाटली, रात्रभर वाटली. खरं सांगते, आधी जीव भांड्यात पडला होता, की पोरीनं दार उघडलं नाही. अण्णांनी ते माझ्या तोंडावर वाचलं असणार, कारण ते लगेच दुसरीकडं बघायला लागले.

गावी गेले की आता दुपारी मला झोप लागत नाही. दार उघडं असतं, वारा येतो, माय घोरत असते, आणि मी हळूच उठून कडी लावते. घर कुठलं म्हणून विचाराल, तर जिथं कडी लावल्यावर डोळा लागतो, ते. तेच खरं आहे. परवाही अण्णांना आत घेतलं, पिशवी उतरवून घेतली, आणि माझ्या हातानं मागं साखळी लावली. अण्णा त्या साखळीकडं बघत उभे होते. मग त्यांनीच ती ओढून पाहिली, नीट बसली का ते.