कानातला बिल्ला

सासरी माझ्या नावावर झालेली पहिली वस्तू म्हणजे एक म्हैस. माझं माहेर वरणगावचं, वडील तिथल्या कारखान्यात नोकरीला. दहावी झाल्यावर मला शिंदखेडा तालुक्यात, पांझरेच्या काठच्या एका गावात दिलं. इथे जमीन सासऱ्यांच्या नावावर, घर त्यांच्या नावावर, भांड्यांवर कोरलेली अक्षरंही त्यांचीच. मग बायकांसाठी बँकेची योजना आली आणि दोंडाईच्याच्या बाजारातून माझी म्हैस आली.

कर्जाबरोबर विमा सक्तीचा होता. जनावरांच्या डॉक्टरांनी चिमट्यानं तिच्या डाव्या कानात नंबर कोरलेला पितळी बिल्ला ठोकला, तेव्हा ती जोरात रेकली. मी तिच्या कपाळावर हात ठेवून उभी होते. डॉक्टर म्हणाले, "वहिनी, आता ही मेली तरी तुम्हाला काळजी नाही." बोलणं अभद्र होतं, पण खरं सांगते, ऐकून बरं वाटलं. कागद झाला म्हणजे काम पक्कं, असं मानणाऱ्या घरातली मी.

आमची नदी मोठी लबाड. आमच्याकडच्या पावसावर ती कधी भरत नाही. पाऊस पडायचा वर साक्रीकडं, आमच्या डोक्यावर लख्ख ऊन असायचं, आणि पाणी घरात शिरायचं. पाण्याला तांबूस रंग चढून काडीकचरा वाहायला लागला, की गावभर एकच हाक उठायची, ढोरं सोडा. तेव्हा कुणी कुणाची परवानगी विचारत नसे. ज्याच्या हातात विळा असेल त्यानं दिसेल त्या गोठ्यात शिरायचं आणि दोर कापायचा, मग त्या घराशी बोलणं बंद का असेना. गावातल्या पुष्कळ गोष्टींची मला चीड होती. या एका रिवाजासाठी मात्र मी गावाला सगळं माफ केलं होतं.

त्या भादव्यात मी दुपारी चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी टाकत होते. माझ्या सासूबाईंना सारं गाव अक्का म्हणायचं. त्या ओट्यावरून ओरडल्या, "पानी उनं वं माय! म्हसना दोर काप, तिले पव्हता येस!"

मी विळा घेऊन धावले. दोर कापला, पाठीवर थाप मारली. ती दाराशी थबकली, वळून माझ्याकडं बघितलं आणि मान वर करून पाण्यात उतरली. मग अक्का आणि मी खालच्या गल्लीत शिरलो आणि हाताला लागतील तेवढे दोर कापले. गल्लीच्या तोंडाशीच राहणारे आमचे शेजारी नाना आणि नानी बाजाराला शिंदखेड्याला गेले होते. त्यांच्या गोठ्याला बाहेरून कुलूप होतं. मी दगडानं ते तोडायला बघत होते, पण पाणी कमरेला लागलं तसं अक्कांनी मला दंडाला धरून ओढलं. आतून नानांची म्हैस रेकत होती. आम्ही शाळेच्या टेकाडावर पोचेपर्यंत तो आवाज बंद झाला होता.

पाणी ओसरल्यावर सोडलेली बरीचशी ढोरं आपापल्या पायांनी घरी आली, चिखलानं माखलेली. माझी आली नाही. नानांची म्हैस खुंट्यालाच मेलेली सापडली. नानी तिच्या गळ्यात पडून रडली, मीही रडले. तलाठ्यानं पंचनामा केला. विम्याला पुरावा म्हणून डॉक्टरांनी बिल्ल्यासकट कान कापून घेतला. दिवाळीच्या आत नानांच्या गोठ्यात विम्याच्या पैशांची नवी म्हैस उभी होती. मला नानांचा राग आला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मलाही बिल्ला हवा होता. मी आणि माझे यजमान नदीच्या काठाकाठानं थेट तापीच्या संगमापर्यंत चालत गेलो. बाभळींना अडकलेली, फुगलेली जनावरं ठिकठिकाणी पडली होती. यजमानांना ते बघवेना, ते लांब दगडावर बसून राहायचे. मी नाकाला पदर लावायची आणि एकेकीचा डावा कान उलटून बघायची. संगमाच्या अलीकडे माझी सापडली. उजवं शिंग जरासं खाली वळलेलं, कपाळावर पांढरा ठिपका. दोन्ही कान कुत्र्यांनी खाल्ले होते. आजूबाजूचा चिखल मी हातांनी उपसला, पण बिल्ला मिळाला नाही.

तरी मी धुळ्याला विम्याच्या ऑफिसात गेले. म्हटलं, शिकलेली माणसं आहेत, ऐकून घेतील. साहेबांनी बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "बिल्ला आणलाय?"

"नाही साहेब. म्हैस पुरात वाहून गेली."

"वाहून कशी गेली? बांधलेली नव्हती का?"

मी मान ताठ करून सांगितलं, "मी स्वतः दोर कापला." मला वाटलं, साहेब शाबासकी देतील.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे जनावर तुम्हीच मोकळं सोडलंत."

"पूर आला होता साहेब. जीव वाचावा म्हणून सोडलं."

"पूर तुमच्या शेजाऱ्यांकडेही आला होता. त्यांची म्हैस गोठ्यात सापडली, बिल्ल्यासकट. सोडलेलं जनावर मेलं की कुणी विकून टाकलं, हे मी कसं ठरवू? बिल्ला नाही तर क्लेम नाही, बाई."

"मग मी तिला बांधून मारायला हवं होतं का?" माझा आवाज एवढा चढला की बाजूच्या टेबलावरची माणसं बघायला लागली.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "मी तसं म्हणत नाही. पण गोठ्यात मेली असती तर प्रश्नच नव्हता."

घरी आल्यावर हे सगळं मी ओट्यावर उभी राहून बोलले. सारी गल्ली जमली होती. साहेबाला, कंपनीला, बँकेला, जे तोंडात आलं ते मी बोलले. गल्ली ऐकत होती. मी काय शिकवून बसले, ते तेव्हा मला कळलं नाही.

पुढं वडिलांनी मला एक म्हैस घेऊन दिली. तिच्या कानाला मी कुणाला हात लावू दिला नाही. गल्लीत मात्र योजनेच्या म्हशी वाढत गेल्या, आणि बहुतेकींच्या कानात बिल्ले चमकू लागले.

काही वर्षांनी नदी पुन्हा तशीच आली, उन्हात, भरदुपारी. अक्का तोवर थकल्या होत्या, त्यांनी बसल्या जागेवरून हाक दिली. मी माझ्या म्हशीचा दोर कापला, तिला टेकाडाकडं हाकललं आणि विळा घेऊन खालच्या गल्लीत धावले. गल्लीत नेहमीची ओरड नव्हती. माणसं पेट्या आणि गाठोडी डोक्यावर घेऊन चढावाकडं निघाली होती, पण त्यांच्या मागं ढोरं नव्हती.

नानांच्या गोठ्याच्या दारात नानी उभी होती. पाणी तिच्या घोट्यांना लागलं होतं. मी आत जायला लागले तशी ती आडवी झाली.

"ऱ्हाऊ दे वं वहू," ती म्हणाली. "बिल्ला शे तिना कानमा."

म्हणताना ती रडत होती, पण दारातून हलली नाही. तिच्या खांद्यावरून मला आतलं दिसलं. म्हशीच्या गळ्यात दोर नव्हता, लोखंडी साखळी होती. माझ्या हातातल्या विळ्याचा तिथं काही उपयोग नव्हता. म्हैस शांत उभी होती आणि माझ्याकडं बघत होती.

मी आणखी दोन दारांशी गेले. एकीकडं कडी लावलेली होती. दुसरीकडं घरधन्यानं माझ्या हातातून विळा काढून घेतला. मी टेकाडावर माझ्या म्हशीजवळ जाऊन बसले आणि कान झाकून घेतले.

पाणी ओसरल्यावर विम्याचे साहेब जीपनं आले. ते पूर्वीचे नव्हते, नवे होते. खालच्या गल्लीत गोठ्या-गोठ्यातून खुंट्याला बांधलेल्या म्हशी आडव्या पडल्या होत्या आणि प्रत्येकीचा कान जागेवर होता. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. साहेब नानांच्या ओट्यावर टेकले, चहा घेतला आणि तलाठ्याला म्हणाले, "या गावाला विमा चांगला समजलाय. नाहीतर लोक जनावरं सोडून देतात आणि मग आमच्याकडं रडत येतात."

चहा मी करून पाठवला होता. खालच्या गल्लीत दूध राहिलं नव्हतं.