सलमाच्या घरचा काहवा

हसणार असाल तर हातातला चहा आधी संपवा. अंगावर सांडला तर मी जबाबदार नाही. स्वतःची फजिती सांगणारा माणूस मी नव्हे. पण शेजारच्या कासमभाईने ती मीठमसाला लावून आमच्या अर्ध्या हमरिया मोहल्ल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीय. मग खरी तरी ऐका.

मस्कतच्या एका लहानशा कॉलेजात मी कोच होतो. शिक्षण सातवी. रत्नागिरीला फुटबॉल खेळलो, त्या जोरावर इथे लागलो. पुढे मुलींचं बास्केटबॉलही माझ्याच गळ्यात पडलं. म्हणाले, "चेंडू गोलच असतो, शिकवा." शिकवलं!

माझ्या शिट्टीला सगळे टरकायचे. एक सलमा सोडून. "कॅप्टन, रागावलात की तुमची दाढी हलते," असं तोंडावर सांगायची. इथे कोचला कॅप्टन म्हणतात.

तर मुली फायनलला पोचल्या. सामना निझव्याला. आणि सलमा रडत आली. "बाबा एवढ्या लांब पाठवत नाहीत."

आमच्या मुली मोजून पाच. चौघींनी बास्केटबॉल खेळतात का?

"रडू नको. मी येतो घरी," मी म्हणालो.

आता आपल्या कोकणात महत्त्वाच्या कामाला माणूस एकटा जातो का? शेजारचा कासमभाई वयाने मोठा, त्याला सोबत घेतलं. हलव्याचा डबा घेतला. कोट घातला, अत्तर लावलं. दाढीला ताजी मेंदी.

सलमाचं घर बौशरला. तिच्या वडिलांनी गालिच्यावर बसवलं, खजूर पुढे केले, काहवा म्हणजे इथली कॉफी ओतली. हिंदी छान बोलायचे.

"नको, नको," मी म्हणालो आणि कप खाली ठेवला. पहिल्या खेपेला कोण हो म्हणतं? खादाड दिसतं! आग्रह झाला की घ्यायचं.

आग्रह झालाच नाही. वडिलांनी कपाकडे पाहिलं. डब्याकडे पाहिलं. मग माझ्या दाढीकडे.

"कॅप्टन, वय काय तुमचं?"

"साठी उलटली. पण पोरांच्या बरोबरीने धावतो!" मी छाती काढून सांगितलं.

"घरी बायको आहे?"

"आहे की."

"तुम्ही इथे आलात, तिला ठाऊक आहे?"

"म्हणजे काय! हा कोट तिनेच इस्त्री केला."

वडिलांना एसीत घाम फुटला. ते कासमभाईकडे वळले. "तुम्ही वडील माणूस. तुम्ही तरी यांना समजवा."

कासमभाईच्या तोंडात खजूर होता. तो कसाबसा गिळून ओरडला, "अरे मर्दा, कप उचल! इथे मागणं मान्य होईस्तोवर पाहुणा काहवा पीत नाही. मुलगी मागायला आलेले असाच कप खाली ठेवतात!"

"कोणासाठी?" मी विचारलं. "माझे दोन्ही मुलगे लग्न झालेले."

कासमभाईही माझ्या मेंदीकडे बघत राहिला.

या अल्ला! मी कप उचलला, एका घोटात रिकामा केला. जीभ भाजली. "बास्केटबॉल!" मी ओरडलो. "फक्त बास्केटबॉल! निझव्याला! सोबत कॉलेजच्या बाई आहेत, माझी बायकोसुद्धा येईल!"

वडिलांनी असा श्वास सोडला की पडदा हलला असेल. "बास्केटबॉल? एवढंच? न्या! निझव्याला न्या, हवं तर पार देशाच्या टोकाला, सलालाला न्या!"

सामन्याला ते स्वतः आले. सलमाला चेंडू मिळाला की उभे राहायचे, पडली की डोळे मिटायचे. आम्ही हरलो. तरी ते टाळ्या वाजवत होते, आणि शिट्टी दातांत धरून मीसुद्धा.

शेजारी माझी बायको. तिला कासमभाईने सगळं सांगून ठेवलं होतं. ती बराच वेळ त्या बापाकडे बघत होती.

"केवढा जीव आहे हो याचा पोरीवर," ती म्हणाली. "तुम्हाला बघून घाम फुटला त्याला."

मग माझ्याकडे वळली.

"माझ्या बापाला कसा नाही फुटला?"