हरिपूरचं अर्धं पेव

मी रहिमतपूरची. लग्न होऊन सांगलीला आले तेव्हा सासरी हळदीचा व्यापार होता आणि पेव म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. हरिपूरला जमिनीच्या पोटात खोल खड्डे खणलेले असत. तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद, आत रांजणासारखं पोट. त्यात हळद ओतायची, तोंड मातीनं लिंपायचं आणि दर चढेपर्यंत वर्ष-दोन वर्षं विसरून जायचं. पण बंद पेवातली हवा विषारी होते आणि जड होऊन खाली साचते. म्हणून पेव उघडलं की रात्रभर तसंच ठेवायचं, सकाळी कंदील आत सोडायचा, आणि तो जळत राहिला तरच माणूस उतरवायचा. सासूबाईंनी हे मला पहिल्याच महिन्यात सांगितलं. त्यांचे एक दीर पेवातच गेले होते. तेव्हापासून हे हरिपूरला निघाले की परत येईपर्यंत मी दारातून हलत नसे. हे चिडवायचे, तुम्ही रहिमतपूरची माणसं विहिरीलाही भिता की काय म्हणून.

एकोणपन्नास सालच्या पितृपंधरवड्यात एके दिवशी मामंजी पेढीवरून भर सकाळी घरी परत आले. टोपी न काढताच झोपाळ्यावर बसले. पुढ्यातला चहा निवून गेला. विलायतेत पौंडाची किंमत उतरवली होती. आपला रुपया पौंडाला बांधलेला, म्हणून दिल्लीनं रुपयाही उतरवला. पाकिस्ताननं मात्र आपला उतरवला नाही. आमचा निम्मा माल दरवर्षी बोटीनं कराचीला जायचा. कालपर्यंत तिकडचा रुपया आणि इकडचा रुपया जुळे भाऊ होते, आज त्यांतला कोण केवढा हेच कुणी सांगेना. कराचीच्या व्यापाऱ्यानं तार केली होती, कोणत्या भावानं हिशेब करायचा ते ठरेपर्यंत माल पाठवू नका.

मला काही उमजेना. गोरा साहेब देश सोडून गेला, मग त्याचा पौंड पडला तर आपण का पडायचं, असं मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, साहेब गेला, पण आपल्या देशाचे पैसे अजून लंडनातच अडकलेत आणि माल अजून त्यांच्याच वाटेनं जातो. एरवी असं काही विचारलं की हे थट्टा करायचे. त्या दिवशी केली नाही.

संध्याकाळी मुंबईच्या दलालाची तार आली. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला आता तेवढ्याच डॉलरांत जास्त हळद मिळत होती, त्यामुळे मागणी एकदम वाढली होती. असेल तेवढा माल ताबडतोब पाठवा म्हणे. मामंजींच्या तोंडावर जरा रंग आला. पण तशी तार गावातल्या सगळ्याच पेढ्यांना आली होती. जो आधी मिरजेला जाऊन मालगाडीची वाघीण धरील त्याला दर, मागाहून येणाऱ्याला उरलंसुरलं. सासूबाई म्हणाल्या, पितरांच्या दिवसांत पेव फोडू नका. त्यांचं कोण ऐकतंय! दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बापलेक हरिपूरला गेले.

दुपारी मी टांग्यातून जेवणाचा डबा घेऊन गेले. बायका तिकडे जात नसत, पण मला घरात बसवेना. पाहते तो मामंजी आणि हे दोघंच. सगळ्यांनी एकाच दिवशी पेवं उघडली, तर हमाल आणायचे कुठून? पेव पहाटे उघडलेलं, म्हणजे त्याला रात्र मिळालीच नव्हती. ह्यांच्या कमरेला दोरी बांधलेली. मी काही बोलायच्या आत मामंजी म्हणाले, कंदील बघितलाय, चांगला जळतोय.

कंदील जळत होता, हे खरंच. पण ते पेव अर्धं होतं. वरची निम्मी हळद चैत्रात काढून तोंड परत लिंपलं होतं, आणि कंदिलाची दोरी मात्र भरल्या पेवाच्या मापाची. तो वरच लोंबकळत होता आणि हळद त्याच्या खाली पुरुषभर खोल. हे घाईत कुणाच्याच ध्यानात आलं नाही. मला तर तेव्हा कळण्यासारखंच नव्हतं.

"डबा उघडून ठेव, आलोच," हे म्हणाले आणि उतरले.

आतून आवाज आला, माल कोरडा आहे म्हणून. मग काहीच आलं नाही. मामंजींनी हाक मारली. पुन्हा मारली. दोरी ओढली तर ती जड लागली. मी डबा टाकला, पदर पडला त्याचं भान नाही, मामंजींच्या हातांच्या वर हात घालून दोरी धरली. आयुष्यात कधी घेतलं नव्हतं ते ह्यांचं नाव सासऱ्यांसमोर ओरडून घेतलं. आमच्या दोघांच्यानं ते ओझं हलेना. मेले, आपल्या हातात मेले, एवढंच माझ्या मनात चाललं होतं.

टांगेवाला धावत आला. "मालक, बाजूला व्हा. वयनी, तुमी दोरी सोडू नगा," तो म्हणाला आणि पाय रोवून ओढू लागला. आधी डोकं वर आलं, मग खांदे. ओठ काळेनिळे पडलेले, आणि तोंडभर हळद, लग्नात लावतात तशी. टांगेवाल्यानं त्यांना पालथं घातलं, पाठ चोळली, घोड्याच्या बादलीतलं पाणी तोंडावर मारलं. किती वेळ गेला देव जाणे. अखेर हे खोकले.

मी तिथंच मातीत बसून रडू लागले. ह्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं नाही, पाणी मागितलं नाही. मान वळवून मामंजींना शोधलं.

"दादा, दर टिकलाय का?"

मामंजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि सकाळचा दर सांगू लागले. हे पडल्या पडल्या ऐकत होते, मध्येच मान हलवत होते. टांगेवाला ह्यांच्या कमरेची गाठ सोडायला वाकला, तेव्हा मी त्याचा हात धरला. दोरीचं दुसरं टोक अजून माझ्याच मुठीत होतं. म्हटलं, राहू दे. घरी गेल्यावर सोडू.