पगारवाढीला घाबरणारा मेहुणा

पगार वाढला म्हणून ढसाढसा रडलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या बायकोचा मावसभाऊ आहे. जन्म ब्रिस्टलचा, नोकरी विमानांचे पंख बनवणाऱ्या कारखान्यात, आणि डोकं असं की वरचे साहेब त्याला विचारल्याशिवाय एक स्क्रू पिळत नाहीत. पण बढती म्हटली की हा गृहस्थ टेबलाखाली शिरायचा बाकी राहायचा. एकदा कंपनीनं न विचारताच बढती दिली, तर यानं आठवड्याचा एक दिवस कमी करून घेतला आणि पगार होता तिथे आणून ठेवला. बोनस जाहीर झाला, तो सगळाच्या सगळा पेन्शनमध्ये ढकलला. नातेवाइकांनी त्याला आळशी ठरवून टाकलं. खरं कारण फक्त मला ठाऊक होतं, कारण लंडनमधल्या ईलिंगच्या एका ऑफिसात मी लोकांचे पगार काढतो आणि असल्या शंका घेऊन तो माझ्याकडेच येई.

कारण होतं त्याचं स्टुडंट लोन, आणि त्याची आई. मावशी, म्हणजे माझ्या मावससासूबाई, ऐन तरुणपणी विधवा झाल्या आणि एकटीच्या हिमतीवर त्यांनी हे पोर वाढवलं. कर्जावर सही करताना तो भेदरला, म्हणून त्या म्हणाल्या, "घाबरतोस काय? तुझं कर्ज फिटेपर्यंत मी काही मरत नाही." कुठलीही आई बोलेल असं वाक्य. यानं ते करारासारखं धरलं. इकडे हे कर्ज दर महिन्याला पगारातूनच कापतात. पगार मोठा तशी कात्री मोठी. म्हणजे बढती घेतली की कर्ज लवकर फिटणार, आणि कर्ज फिटलं की... पुढचं तो बोलत नसे. संपणाऱ्या प्रत्येक गोष्टीचीच त्यानं धास्ती घेतली होती. चहाचा शेवटचा घोट कपात राही. फुटबॉलचा सामना रंगात आला की हा उठून भांडी घासायला जाई.

मी त्याची यथेच्छ टिंगल करी. "अरे, आईचा जीव काय पगाराच्या स्लिपेत ठेवलायस?"

"हसा तुम्ही भावोजी. पण चेक करा ना. ओव्हरटाइम केला त्या मंथला आईचा हिप गेला. कोइन्सिडन्स आहे, आय नो. पण एव्हरी टाइम?"

खरं सांगायचं तर मलाही ते चमत्कारिक वाटू लागलं होतं. लॉकडाऊनमध्ये कारखाना बंद पडला, पगार घसरला, कापणं थांबलं, वर व्याज चढत गेलं. आणि मावशींच्या गालांवर मांस आलं. शिडी लावून त्यांनी स्वतः छपराची पन्हळ साफ केली. पुढे एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. मावशी आमटी वाढता वाढता खदखदून हसत होत्या. एवढ्यात ह्याच्या खिशात फोन टिंग वाजला, पगाराची स्लिप आल्याचा. मावशींचं हसू मध्येच तुटलं. पळी ठेवून त्या सावकाश खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "अंगातून काहीतरी निघून गेल्यासारखं झालं बाई." ह्यानं फोन पाहिला नाही. तो आईकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. त्या दिवसानंतर मी टिंगल सोडली.

शेवटी कर्जवाल्यांनी कळवलं, की आता थोडंच उरलंय. पगारातून कापणं थांबवा आणि उरलेलं बँकेतून थेट भरा, नाहीतर कर्ज फिटल्यावरही पगारातून पैसे जात राहतील. त्याचा फोन आला तेव्हा आवाजात चक्क आनंद होता. "म्हणजे स्टॉप करता येतो? मग मी नुसता स्टॉप करतो!" नुसतं थांबवता येत नाही, एक नळ बंद केला की दुसरा उघडतो, हे मी समजावलं. मग पठ्ठ्यानं बिनपगारी रजा टाकली. पगारच नाही तर कापणार काय! रजा लांबत गेली, साहेबांचा धीर सुटत चालला, आणि हा आपला आईसमोर बसून मटार सोलतोय.

तेव्हा मावशींनीच मला फोन केला. पोराच्या मनातली भीती त्यांनी केव्हाच ओळखली होती. "जावईबापू, ते कर्ज दुसऱ्या कुणी भरलं तर चालतं का हो?"

"चालतं."

"मग सांगा कसं ते. मी काय, थांबेन अजून. पण माझं पोरगं थांबलंय हो."

तो भाजी आणायला गेला असताना त्यांनी स्वतःच्या कार्डावरून सगळं भरून टाकलं, आणि आल्यावर पानात श्रीखंड वाढून मग सांगितलं. संध्याकाळपर्यंत तो त्यांच्या कार्डिगनची बाही धरून बसला होता म्हणे. काहीही झालं नाही. तो कामावर गेला, बढती घेतली, मावशी ज्याला त्याला फोन करून ती सांगत सुटल्या. पानगळीच्या सुमारास, एका दुपारी, विणता विणता त्या खुर्चीतच गेल्या.

इकडे कापणं थांबवायचा निरोप त्याच्या कंपनीकडे फार उशिरा पोचला होता. मधल्या महिन्यांत पगारातूनही पैसे जातच राहिले. म्हणजे तेवढं कर्ज दोनदा भरलं गेलं, एकदा मावशींनी आणि एकदा त्यानं. असे जास्तीचे पैसे परत मागून घ्यावे लागतात. दिवस झाल्यावर मी त्याला ते कसं करायचं सांगायला बसलो, तर त्यानं माझ्या हातावर हात ठेवला.

"नको, भावोजी. ते पैसे माझे नाहीत, आईचे आहेत. घ्यायला तिला यावं लागेल ना?"

अर्धवट राहिलेलं खातं दिसलं की माझा जीव कासावीस होतो. हा माझा धंदाच आहे. या एका खात्याबद्दल मात्र मी अजून त्याच्याकडे विषय काढलेला नाही. मावशी आल्या तर मलाही हव्याच आहेत.