मुरंबा, तालुका समुद्रपूर

सरकारी ॲपचं आयुष्य साधारण दोन वर्षं. साहेब बदलले किंवा कंत्राट संपलं की ते फोनमधून जातं आणि त्याच कामाचं नवं ॲप येतं. जुन्या ॲपमधला डेटा कुठे जातो, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. त्याचे किस्से मात्र आमच्या खोलीत राहतात. त्यांना अपडेट लागत नाही!

खोली म्हणजे वर्ध्यातल्या एका सरकारी इमारतीच्या जिन्याखालची जागा. दारावर 'तांत्रिक साहाय्य कक्ष' अशी पाटी, आत तीन माणसं. ढोले मॅडम आमच्या प्रमुख. मुंबईच्या मुख्य कार्यालयाची व्हिडिओ कॉन्फरन्स, म्हणजे व्हीसी, सुरू असताना माईक म्यूट करून त्या जे बोलतात, ते इथे लिहिता येणार नाही. मून नेटवर्कचं बघतो. मूळचा देवळीचा, मोजकंच बोलतो. तिसरा मी. पुण्यात अकरा वर्षं सॉफ्टवेअर कंपनीत काढली, आईच्या आजारपणामुळे परत आलो आणि एका कंत्राटदार कंपनीमार्फत इथे लागलो.

पहिल्या दिवशी मूननं विचारलं, "पुण्याहून आले काय? मंग काही दिवस तुमाले वाटन का हे सुधरू शकते."

"किती दिवस?"

"मले आठ महिने वाटलं."

मला चौदा महिने वाटलं. पुण्याचा अनुभव, दुसरं काय!

*

जामच्या बाजूला एक खेडं आहे, तिथे मोबाईलला रेंज नाही. मी लागलो त्याच सुमारास नेटवर्कच्या तक्रारींसाठी एक पोर्टल आलं. तक्रार फोनवरूनच करायची. सरपंच हुशार माणूस. गाडीला किक मारली, जामच्या चौरस्त्यावर आले, उड्डाणपुलाजवळ चांगली रेंज मिळाल्यावर सविस्तर तक्रार नोंदवली. ठिकाण ॲपनं आपलं आपणच टिपून घेतलं.

तिसऱ्या दिवशी मेसेज: 'आपण नोंदवलेल्या ठिकाणी नेटवर्क उत्तम आढळले. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

सरपंच फोन नाचवत आमच्याकडे. ढोले मॅडमनी त्यांच्यासमोरच मुंबईला फोन लावला. तिकडून सल्ला आला की तक्रारदाराने जिथे अडचण आहे तिथूनच तक्रार करावी.

सरपंचांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "म्हंजे मॅडम, गावात आधी नेटवर्क येऊ द्याचं. आलं का मंग तिथूनच कळवाचं का नेटवर्क नाई?"

मून म्हणाला, "बराबर समजले तुम्ही."

*

मग भाषांतराचं प्रकरण. आमच्या एका सिस्टीममध्ये इंग्रजी माहिती आपोआप मराठीत येऊ लागली. "एआय आहे," असं मुंबईच्या साहेबांनी व्हीसीत तीनदा सांगितलं. आम्ही टाळ्या वाजवल्या. व्हीसीत टाळ्या वाजवायचं चिन्ह असतं.

पंधरा दिवसांत एक म्हातारे गृहस्थ रहिवासी दाखल्याच्या अर्जाचा कागद घेऊन आले. त्यावर छापलेलं होतं: राहणार मुरंबा, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा.

मी नकाशा उघडून मुरंबा शोधायला लागलो. मूननं कागद हातात घेतला, एकदा वाचला आणि मला म्हणाला, "इंग्रजीत 'जाम' लिहून पाहा."

मी मुंबईला सविस्तर ईमेल लिहिला. उत्तर आलं: 'भाषांतराचं इंजिन अतिशय मोठ्या डेटावर शिकलेलं आहे. गावाच्या नावाचं स्पेलिंग बदलता आल्यास कळवावे.'

तोवर अर्ज पडताळणीला गेला आणि परत आला. शेरा होता: 'सदर नावाचे गाव तालुक्यात आढळून येत नाही.'

म्हाताऱ्या गृहस्थांचं त्याच चौरस्त्यावर पंक्चरचं दुकान. उभा जन्म तिथे गेलेला. शेरा मी वाचून दाखवला तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "गावच नाई म्हंता, तं ह्या एवढ्या गाड्या कुठं थांबून राह्यल्या बाप्पा?"

*

एकदा आमच्या इमारतीत नागरिकांच्या अभिप्रायासाठी टचस्क्रीन बसवली. उद्घाटन झालं, फोटो निघाले. स्क्रीनवर दोनच बटणं: 'समाधानी' आणि 'अतिशय समाधानी'.

आमच्या शिपायाने ती नीट न्याहाळली. "अन् नाराज असन त्यानं कुठं दाबाचं?"

बसवायला आलेला इंजिनिअर म्हणाला, "ते पुढच्या व्हर्जनमध्ये आहे."

महिनाअखेर मुंबईहून अभिनंदनाचं पत्र आलं. आमच्या इमारतीत एकही असमाधानी नागरिक आढळला नव्हता!

*

शेतकऱ्यांना सल्ला देणारा चॅटबॉट आला तेव्हा मात्र मला खरंच आनंद झाला होता. बोलून प्रश्न विचारायचा, मराठीत उत्तर मिळतं. प्रात्यक्षिक देवळीजवळच्या एका गावात ठेवलं. समाजमंदिरात पन्नासेक माणसं, समोर खुर्च्यांवर अधिकारी, स्पीकरला फोन जोडलेला. पहिला प्रश्न अधिकाऱ्यांनी स्वतः विचारला, पुस्तकी मराठीत. बॉटनं फर्डं उत्तर दिलं. मग माईक एका शेतकऱ्याकडे गेला.

तो फोनवर ओरडावं तसा ओरडला, "माह्या तुरीवर अळ्या पडून राह्यल्या. काय मारू?"

बॉट दोन सेकंद थांबला. मग बाईच्या मंजुळ आवाजात स्पीकरवरून आलं, "तुम्ही सध्या रागात आहात, असं वाटतं. कृपया कोणालाही मारू नका. दीर्घ श्वास घ्या आणि जवळच्या व्यक्तीशी बोला."

समाजमंदिर हसून हसून आडवं झालं. तो शेतकरी तेवढा हसला नाही. माईक खाली ठेवत तो म्हणाला, "हे तं अळ्याइकडून बोलते!"

परत येताना गाडीत मीही हसलो. मग मूननं सांगितलं की त्या माणसानं नंतर त्याला बाजूला घेऊन पुन्हा तेच विचारलं होतं. अळ्या खरंच होत्या, आणि गावात त्या दिवशी उत्तर देणारं कोणी नव्हतं. कृषी सहायकाची जागा रिकामी आहे. चॅटबॉट आला म्हणून ती भरायची घाई राहिली नाही, असं म्हणतात.

*

हा किस्सा मी फारसा सांगत नाही.

राधाबाई पाटे-वरवंटे विकतात. गावोगाव फिरणारी माणसं. त्यांच्यात आडनाव लावत नाहीत. माणसाचं नाव आणि बापाचं नाव, संपलं. पण ऑनलाइन अर्जात आडनावाच्या रकान्यापुढे लाल चांदणी. तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकतच नाही. सेवा केंद्रातल्या ऑपरेटरनं इंग्रजीत 'एनए' टाकलं, म्हणजे 'लागू नाही'. काम झालं. पुढे त्यांच्या मुलाचा अर्ज आईच्या नोंदीवरून भरला गेला, नातीचा बापाच्या नोंदीवरून. आता नातीच्या शाळेच्या दाखल्यावर आडनाव आहे, एनए.

राधाबाई आल्या त्या दिवशी ढोले मॅडम रजेवर होत्या. दुरुस्ती कुठे होते ते शोधायला मी सिस्टीम उघडली आणि स्क्रीन बघून थबकलो. ती रचना, ते रकाने, ती चांदणी माझ्या ओळखीची होती. पुण्यात असताना ज्या प्रॉडक्टवर मी काम केलं होतं, त्याचाच हा फॉर्म. मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं होतं, "आडनाव कंपल्सरी ठेवायचं का? सगळ्यांना असतंच ना?"

"असतंच," मीच म्हणालो होतो. पुढे जेवायची वेळ झाली होती.

राधाबाईंची तक्रार वगैरे काही नव्हती. त्यांना फक्त एक विचारायचं होतं. दाखला माझ्यापुढे सरकवत त्या म्हणाल्या, "शायेतल्या बाई पुसून राह्यल्या, भाऊ. एनए म्हंजे कोणती जात व्हय?"

*

आणि सुनंदाताई.

केळझरच्या पुढे एका लहान गावात त्या अंगणवाडी सेविका आहेत. पंचवीस-सव्वीस लेकरं, एक खोली. गेल्या वर्षी हजेरीचं नवं ॲप आलं. फोन चेहऱ्यासमोर धरायचा, ॲप चेहरा जुळवून बघतं आणि समोर फोटो नाही, खरा माणूस आहे, याची खात्री करायला पापण्या मिटायला सांगतं. मिटल्या की हिरवी खूण.

त्याच सुमारास सुनंदाताईंच्या चेहऱ्यावरून वारं गेलं. डावी बाजू ओढली गेली. बोलणं महिनाभरात बरंचसं सुधारलं, डावा डोळा मात्र मिटेना. झोपताना त्यावर रुमाल बांधून झोपायच्या. कामावर त्या चौथ्या दिवशी हजर. ॲप रोज सांगायचं: 'जिवंत व्यक्ती आढळली नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

आमच्याकडे त्या गैरहजेरीची नोटीस घेऊन आल्या. त्यांनी आमच्यासमोर करून दाखवलं. उजवा डोळा मिटला, डावा उघडाच. 'जिवंत व्यक्ती आढळली नाही.' मग बोटानं डावी पापणी खाली ओढून धरली. 'चेहरा झाकलेला आहे.'

त्या म्हणाल्या, "पाहा. हात लावला तं झाकली म्हंते, नाई लावला तं मेली म्हंते."

डॉक्टरांचा दाखला त्यांच्याकडे होता. तो अपलोड करायला ॲपमध्ये जागा नव्हती. मी सहा ईमेल लिहिले, एक इंग्रजीत. ढोले मॅडम व्हीसीत माईक सुरू ठेवून बोलल्या, असं प्रथमच झालं. तिकडचा सल्लागार सगळं ऐकून म्हणाला, "मॅडम, युजरला नीट ब्लिंक करायला सांगा." मूननं त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

आणि अचानक तीन आठवड्यांनी सुनंदाताईंची हजेरी लागायला लागली. रोज, वेळेवर, हिरवी खूण. ढोले मॅडम म्हणाल्या, "बरं झालं, डोळा सुधारला असेल." आम्ही तिघंही खूश होतो. असं आमच्याकडे फार वेळा होत नाही.

पावसाळा संपताना वजनकाट्याचं कनेक्शन बघायला मी त्या गावी गेलो. सकाळची वेळ. लेकरं गोल करून बसलेली, सुनंदाताई त्यांना बडबडगीत शिकवत होत्या. माझ्याकडे वळल्या. डावा डोळा तसाच, उघडा.

दारात दुसरी एक बाई पायरीवर बसली होती. तोच चेहरा, तीच हनुवटी, फक्त डावी बाजू सरळ. माझ्याकडे बघून तिनं पटकन पदर ओढला आणि हातातला फोन मागे केला. फोन सुनंदाताईंचा होता.

सुनंदाताई लेकरांमधून उठून आल्या. लपवायचं त्यांच्या मनात नव्हतं. "हे शोभा, माही लायनी बहीण. रोज सकायच्या बसनं येते, इथून तीन गावं पुढं राह्यते. हजेरी लावते अन् दहाच्या बसनं आपल्या वावरात जाते."

"पण ॲप चेहरा जुळवून बघतं ना?" मी म्हणालो. "फोटो तर तुमचा आहे."

"फोटो दुखण्याच्या पह्यलेचा हाये, भाऊ. त्याच्याशी हेच जुळते. मी आता माह्यासारखी दिसत नाई."

मी वजनकाट्याची वायर काढली आणि परत लावली. काटा ठीक होता. सुनंदाताई म्हणाल्या, "लेकरायले मीच शिकवतो, खाऊ मीच देतो, घरोघर मीच जातो. हे फक्त डोये मिटते."

माझ्या फॉर्मवर एक रकाना होता: सेविका केंद्रात प्रत्यक्ष हजर होती काय? मी 'हो' लिहिलं. खोटं नव्हतं.

निघालो तर शोभाताई बसच्या थांब्यापर्यंत माझ्याबरोबर आल्या. बस लांबून दिसली तसा त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भीतभीत विचारलं, "साहेब, पुढच्या महिन्यात माह्या पोरीचं बायंतपण हाये. मले आठ दिवस सुट्टी पाह्यजे. अर्ज कोणाच्या नावानं करू?"