कासारणीच्या हाताला कळलं ते

मी अठरा वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. आम्ही उमरीला राहायचो. सासूबाईंच्या स्तनात गाठ निघाली. ती कॅन्सरची आहे, कापून काढावी लागेल, असं नांदेडच्या दवाखान्यात सांगितलं. पण ऑपरेशन करणारे डॉक्टरसाहेब हैदराबादहून महिनाभरानं येणार होते.

तो महिना मी हातात घेतला. सासूबाईंना काडी उचलू दिली नाही. जातं बंद, पाणी बंद, पलंगावर पडून राहायचं. वर गाठ विरघळावी म्हणून देवीला नवस. नवस मी बोलले, उपास त्यांनी करायचे. एक दिवसाआड नुसती भगर आणि ताक. शेजारीण म्हणायची, "सून असावी तर अशी." मी मान खाली घालून ऐकायची, पण एक शब्द सुटू द्यायची नाही.

निघायच्या आदल्या दिवशी कासारीण आली. दवाखान्यात जायच्या आधी सवाष्णीच्या हातात नवा चुडा हवा. सासूबाईंचा हात तिच्या वीस वर्षांच्या ओळखीचा. दरवेळी साबण लावून, अंगठा दाबून बांगडी चढवायची. त्या दिवशी त्याच मापाची बांगडी सरळ कोपरापर्यंत गेली.

"अगं बाई, नाजूक झाल्या की सासूबाई!" मी म्हणाले.

कासारीण हसली नाही. "नाजूक कुठलं? तोंड फुगीर हाय म्हणून कळंना. दंड धरून बघा सूनबाई, मास सगळं गेलं. नुसती कातडी लोंबून राहिली."

मी तिला दोन मापं लहान बांगड्या भरायला लावल्या. कासारणीला डॉक्टरी काय कळणार?

नांदेडला साहेबांनी गाठ नंतर पाहिली. आधी दंड दाबले, पोटऱ्या दाबल्या. "माँजी, हात न टेकता उठा." सासूबाई दोनदा उठायला गेल्या, दोनदा खुर्चीतच बसल्या.

"खायला काय देता?"

मी अभिमानानं सगळं सांगितलं. नवसासकट. साहेबांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"गाठ मी काढीन. पण जखम भरायला, खोकून छाती साफ ठेवायला अंगात मांस लागतं. आत्ता चिरलं तर टाके उसवतील, कफ साठेल, ताप येईल. माँजी त्यातून उठायच्या नाहीत. तीन आठवडे देतो, उपास बंद, पोटभर खाणं आणि अंगाला काम. जास्त नाही, गाठ थांबणार नाही."

घरी येऊन देवीची समजूत मीच काढली. दूध, दही, डाळ, फुटाणे सुरू. रोज स्टेशनापर्यंत चालणं. आणि जात्यावर आधी मूठभर, मग शेरभर. शेजारीण दारातूनच कडाडली, "आजारी सासूला दळाया लावतीस? लाज न्हाई?" होय, तीच शेजारीण.

सासूबाईंनी खुंटा सोडला नाही. "तिला कुठली लाज! पीठ मात्र बारीक पडून राहिलंय. तुझी जवारी घेऊन ये, जा."

ऑपरेशन झालं. दोन टाके उसवलेच, चार दिवस ताप राहिला. आधीच चिरलं असतं तर एवढ्यावर भागलं नसतं, असं साहेब म्हणाले. तिसऱ्या आठवड्यात सासूबाई आपल्या पायांनी गाडीत चढल्या.

भेटायला येईल तिला त्या सांगायच्या, "गाठीनं काय केलं नव्हतं बाई. सुनेनं सेवा करून मारलं होतं." मी आत चहा ठेवायची. बाहेर येऊन भांडावं, असं त्यात खोटं काही नव्हतं.