दोन्ही बाजूंनी टीप

माझी थोरली बहीण शिलाईकाम करते. असा सफाईदार हात शोधून सापडायचा नाही, पण तिच्यापुढे माणूस उभा राहिला की तिला आधी कापड दिसतं, माणूस नंतर. काज-बटणं मी करते, त्यामुळे बोलणीही मीच खाते.

तिची मुलगी सोळाची. तिला आम्ही रेडिओ म्हणायचो, कारण तोंड बंदच होत नसे. भावजींची बदली माझ्या गावात झाली, मला आनंद झाला. पोरीची मात्र शाळा सुटली, मैत्रिणी सुटल्या. आता सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा क्लास. कसं चाललंय विचारलं की "ठीक आहे." भावजी खूश, पोरगी समजूतदार झाली म्हणून. समजूतदार कसली, डोळे उघडे ठेवून झोपल्यासारखी वावरत होती. मी बहिणीला म्हटलं, अगं, पोरगी पार उतरलीय. ती म्हणाली, वयच तसं असतं, तू उगाच पराचा कावळा करू नकोस. माझं डोकं फिरलं, पण तोंडात दोरा होता.

पोरीचा शाळेचा स्कर्ट कमरेत सैल झाला. बहिणीनं दोन्ही बाजूंनी टीप मारून आत घेतला. पुन्हा सैल झाला, पुन्हा टीप. वर चरफडली, आपलं माप चुकलंच कसं. दुसऱ्या कुठल्याही आईनं पोरीची तब्येत पाहिली असती.

तिसऱ्यांदा पोरगी मशीनपाशी उभी राहिली. बहीण कापड चिमटीत धरून पुटपुटत होती, हे कापडच फसवं निघालं.

"कापड बरोबर आहे, आई," पोरगी म्हणाली. "मी कमी होतेय."

बहिणीनं टाचण्या खाली ठेवल्या आणि तिला शेजारी बसवलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. झोप लागत नाही. वाचलेलं डोक्यात शिरत नाही. नव्या वर्गात डबा खायला कुणी बोलावत नाही, आणि एकटीनं खायला बसलं की सगळे आपल्याकडेच बघतात असं वाटतं. म्हणून डबा ती रोज शाळेमागच्या कुत्र्याला घालत होती. घरीही घास उतरत नव्हता.

मला वाटलं, आता ही कडाडणार. पहाटे उठून केलेला डबा, आणि कुत्र्याला. मी मध्ये पडायला उठलेसुद्धा. पण बहिणीच्या डोळ्यांत पाणी होतं. संध्याकाळचा क्लास उद्यापासून बंद, बाबांशी मी बोलते, आपण डॉक्टरांकडेही जाऊन येऊ, असं तिनं सांगून टाकलं. मग नाक पुसून विचारलं,

"कुत्र्यानं तरी बाळसं धरलंय का गं?"

पोरगी हसली. हसता हसता हमसून हमसून रडली. आम्ही रडू दिलं. मग बाहीला डोळे पुसून म्हणाली, भूक लागलीय.